महाराजांचं सोनेरी पाणी

म्हसा गावची जत्रा उठली, पाळणे गेले, बैल गेले, पण मुरबाडच्या रस्त्यावरचा जलसिद्ध महाराजांचा मांडव काही उठेना. उलट गर्दी वाढतच चालली होती.

"मत्स्य हा भगवंताचा पहिला अवतार!" महाराज माइकवर गरजत होते. "माणूस खोटं बोलेल, मासा बोलणार नाही!"

समोर काचेच्या दोन पेट्या होत्या. एकीत गावच्या बोअरचं पाणी, गावकऱ्यांनीच हंड्यांनी ओतलेलं. दुसरीत महाराजांचं मंत्रवलेलं पाणी, फिक्या कोऱ्या चहासारखं सोनेरी. महाराजांनी दोन्हींत निळ्या-लाल पट्ट्यांचे इवले मासे सोडले. थोड्याच वेळात बोअरच्या पाण्यातले मासे वर येऊन आ वासू लागले आणि एकेक करून कलंडले. सोनेरी पाण्यातले मात्र मजेत फिरत राहिले.

"पाताळातलं विष पिता रे तुम्ही! त्यानंच साखर होते, त्यानंच सांधे धरतात. हे अमृत प्या आणि सुया-गोळ्या उकिरड्यावर टाका!"

बाटल्या घेऊन माणसं पुढे रेटली. त्यांत नम्रताची हौसा आत्या होती.

आत्याला साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई. तिनं सुया खरोखरच उकिरड्यावर टाकल्या होत्या. पायाच्या बोटाला साधी ठेच लागली, ती चिघळली, आता बोट काळं पडून वास मारत होतं. हे कळलं तशी नम्रता शहापूरहून धावत आली होती. रसायनशास्त्र शिकलेली ही पोरगी घरीच रंगीत मासे वाढवून कल्याणच्या दुकानांना द्यायची. महाराजांची करामत तिनं कालच मांडवाच्या दारातून ओळखली होती. ओळखून उपयोग काय? आदल्या संध्याकाळी तिनं आत्याला क्षार सांगितले, आम्लता सांगितली, अगदी घसा बसेपर्यंत सांगितलं.

"तुजं ता आम्ल का काय मला नको सांगू गो," आत्या म्हणाली होती. "मासा माज्या डोल्यांसमोर जगला. ता खोटा हाय?"

नम्रताला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं. पण आत्याचं एक बरोबर होतं. डोळ्यांनी पाहिलेलं नुसत्या शब्दांनी पुसलं जात नाही.

म्हणून आज ती तयारीनं आली होती. शहापूरहून आपले मासे मागवले होते. रात्रभर देशी बदामाची वाळकी पानं भिजवलेलं जारचं पाणी बरोबर होतं. आणि एका डब्यात गप्पी मासे.

"महाराज, मला एकदा करू द्या."

"शंकेखोर हातांनी मासे मरतात, मुली!"

"करू द्या की तिला!" मागून बायका ओरडल्या. तमाशा कुणाला नको असतो?

नम्रतानं डबा उंच धरला. "हे मासे ओळखता?"

"हे तर टाकीतले," गिरजा नावाची बाई म्हणाली. "मच्छर होऊ नये म्हणून आरोग्य केंद्रवाल्यांनी सोडलेले."

"टाकीत पाणी कुठलं?"

"बोअरचं. दुसरं कुठलं असनार?"

नम्रतानं गप्पी बोअरच्या पेटीत सोडले. कलंडलेल्या माशांमधून ते सुळसुळ फिरू लागले. मागच्या बायका चवड्यांवर उभ्या राहून पाहू लागल्या. मग तिनं आपल्या बादलीत पानांचं पाणी ओतलं, कुठलाही मंत्र न म्हणता निळ्या-लाल पट्ट्यांचे आपले मासे त्यात सोडले. तेही फिरू लागले.

"तिच्या मनात माझाच जप चालू आहे!" महाराज ओरडले. "म्हणून जगले!"

नम्रतानं बायकांकडे वळून विचारलं, "बोअरच्या पाण्यात डाळ शिजते?"

"नाय गो, दाना कडक तो कडकच."

"साबणाला फेस?"

"चोथा होतो नुसता."

"जारच्या पाण्यात?"

"त्याच्यात येतो भरपूर."

"का? बोअरच्या पाण्यात जमिनीतले क्षार असतात. जारच्या पाण्यातले मशीन काढून टाकतं. हे पट्ट्यांचे मासे परदेशातल्या मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, पाण्याच्या नद्यांतले. मऊ पाण्यात वाढलेला मासा एकदम क्षारांच्या पाण्यात टाकला की त्याला धक्का बसतो, मरतो. थेंब थेंब पाणी बदललं तर पुष्कळदा जगतो. गप्पीला मात्र क्षारच मानवतात. विष नाही की अमृत नाही. आणि सोनेरी रंग? पानांचा!"

गिरजानं महाराजांच्या मागचा भगवा पडदा ओढला. मागे पाण्याच्या रिकाम्या जारांची रास होती आणि बदामाच्या पानांचं पोतं. महाराज खोल समाधीत गेले.

आपण जिंकलो, असं नम्रताला वाटलं तेवढ्यात गिरजा बाटली घेऊन तिच्याचपुढे उभी राहिली. "ताई, मंग तुजंच पानी दे ना. तू तर बिनमंतराचं केलंस. तुजा हात जास्ती गुणाचा!"

मागे आणखी बाटल्या पुढे आल्या.

"अहो, काय सांगतेय मी मघापासून!" नम्रताचा आवाज चिरकला. रडू येईल की काय असं तिला झालं. "मासा जगला, एवढंच पाहिलंत ना? हे पाणी पिऊन बरा झालेला माणूस पाहिलाय कुणी? दवाखान्यात तपासून घेतलंय? एकानं तरी हात वर करा!"

एकही हात वर आला नाही. मागून चार-दोन माणसं निघून गेली. बाकीची महाराजांच्या समाधीकडे आशेनं बघत बसली.

आत्या मात्र उठली. "म्हंजे मी येवढे दिस काय पीत होते?"

"पानांचं पाणी, आत्या."

"आणि सुई?"

"आजपासून परत."

मुरबाडच्या डॉक्टरांनी पाय वाचवला, बोट गेलं. आत्या दोन आठवडे लवकर आली असती तर तेही राहिलं असतं, असं ते म्हणाले. नम्रता दवाखान्याच्या जिन्यावर कितीतरी वेळ धुमसत बसून होती.

महाराजांचा मांडव आता टोकावडे गावाकडे लागलाय. आत्याचं घर त्याच वाटेवर. बाटली घेतलेलं कुणी दिसलं की ती ओट्यावरून हाक मारते, बँडेज बांधलेला पाय पुढे करते.

"मासा बगायला चाललीस ना? बग हो. पन आधी ह्यो माजा पाय बग, आनि मंग इचार कर."