अठरा केबीची ताई

"काका, अहो हा फॉर्म माझा फोटो घेतच नाहीये! तीनदा टाकला, तीनदा परत फेकला."

"फेकणारच. तुमचा फोटो चार एमबीचा, त्याला हवा पन्नास केबीच्या आत. द्या इकडे."

कचेरीच्या पायऱ्यांना लागून असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात दाराजवळचा कोपरा केबीकाकांचा. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि ग्राहकांसाठी एक डुगडुगती खुर्ची. कचेरीतले सगळे अर्ज ऑनलाइन झाले, जड फोटो परत यायला लागले, तेव्हापासून काकांचा हा उद्योग सुरू झाला. बाईंचा फोटो त्यांनी माउसने उचलून प्रोग्रॅमच्या चौकटीत टाकला, पट्टी डावीकडे सरकवली, बटण दाबलं. चार एमबीचे सेहेचाळीस केबी झाले.

"चेहरा नाही ना लहान झाला?"

"चेहरा तोच. फक्त वजन उतरलं."

"मग माझंही उतरवा की हो!"

रांगेतले दोघं-तिघं हसले. काकाही हसले. हा विनोद त्यांनी हजार वेळा तरी ऐकला असेल, पण दर वेळी ते मनापासून हसायचे. घरी हसायला कोणी उरलं नव्हतं, मग इथलं हसू कशाला सोडायचं?

त्या प्रोग्रॅमच्या तळाशी एक छोटा चौकोन होता: 'मूळ फोटोच्या जागी नवा ठेवा.' त्यात काकांनी पहिल्याच दिवशी बरोबरची खूण करून ठेवली होती. लोकांचे मूळ फोटो लोकांच्या फोनमध्ये असतातच. आपल्याकडे दोन-दोन प्रतींची अडगळ कशाला? आठ वर्षांत ती खूण त्यांनी एकदाही काढली नव्हती.

दुपारी सुपरवायझरबाई आल्या. बाई आणि काकांची ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकाच बोर्डवर एकतीस वर्षं शेजारी बसल्या होत्या. त्या बोर्डने बहुतेक सगळ्याजणींना हळू बोलायला शिकवलं, बाईंना मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. त्या दारातूनच गरजल्या, "अरे, तुझ्या ताईचा फोटो हवाय मला. मोठा!"

मग बसून त्यांनी सांगितलं. पूर्वी गावात मोठा पूर आला तेव्हा ताई धरून बारा जणींनी तीन दिवस बोर्ड सोडला नव्हता. आता एक्स्चेंजच्या सभागृहात त्या बारा जणींचे फोटो लागणार होते. प्रत्येकीची दोन फुटांची चौकट, खाली नाव. अकरा फोटो आले होते.

"रविवारी कार्यक्रम आहे. फ्रेमवाल्याला गुरुवारपर्यंत द्यायचेत. पाच एमबी तरी हवा म्हणतो मेला. आहे ना रे?"

"आहे म्हणजे काय! बाल्कनीतला आहे, मीच काढलेला. चष्म्याच्या साखळीच्या कड्यासुद्धा मोजून घ्या."

"बघ हं. एवढा एकच दिवस तिचा आहे. आयुष्यभर 'हॅलो, बोला' म्हणत दुसऱ्यांची माणसं जोडून दिली, स्वतःला कुणी विचारलं नाही तिला."

काकांना एकदम भरून आलं. ते मान खाली घालून स्कॅनरची काच पुसत राहिले.

ताई जाऊन वर्ष झालं होतं. आई गेली तेव्हा काका नऊ वर्षांचे आणि ताई वीसची. तिनेच त्यांना वाढवलं. काकांचं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं आणि ताईचं जमवायला कोणी पुढे आलंच नाही. दोघं दोन खोल्यांत राहिली आणि तशीच म्हातारी झाली. ताई घरातही बोर्डवरच्यासारखीच बोलायची, हलक्या आवाजात. काका पेपरातून डोकं काढून ओरडायचे, "ताई, जरा मोठ्यानं बोल की!" ती तितक्याच हळू म्हणायची, "तू जवळ ये." मग कुरकुरत उठायचं, तिच्या खुर्चीपाशी जायचं, वाकून कान पुढे करायचा. ती सांगायची काय, तर नळ नीट बंद कर!

त्या संध्याकाळी काकांनी कॉम्प्युटरवर 'घर' नावाचा फोल्डर उघडला. बाल्कनीतला फोटो सापडला. त्याखाली आकडा होता, अठरा केबी.

आधी त्यांना वाटलं, ही दुसरी प्रत असेल. शोधाशोध केली. दुसरी प्रत नव्हती. ताईचे जे काही चार-सहा फोटो होते ते सगळेच सोळा, अठरा, एकवीस केबीचे. मग त्यांना आठवलं.

ताई गेल्यानंतरचा तो आठवडा. घर खायला उठायचं म्हणून चौथ्या दिवशीच ते दुकानात येऊन बसले होते. कॉम्प्युटर म्हणाला जागा संपली, समोर रांग उभी. डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यांनी सगळे फोल्डर एकदम उचलले आणि चौकटीत लोटून दिले. 'घर'ही त्यातच गेलं. खूण होतीच. पाऊण तासाने प्रोग्रॅमने कळवलं, शहाण्णव टक्के जागा वाचली. आणि काकांना बरं वाटलं होतं! त्या आठवड्यातली तेवढी एकच गोष्ट मनासारखी झाली होती.

त्यांनी फोटो मोठा करून बघितला. दुप्पट केला तोवर ताई होती. चौपट केल्यावर साखळी गेली, हनुवटीवरचा तीळ गेला. आणखी मोठा केला तर पडद्यावर नुसते चौकोन, करडे आणि तपकिरी. काकांनी झटकन तो परत लहान केला.

फोटो काढला तो जुना फोन त्यांनी नव्याच्या बदल्यात देऊन टाकला होता. त्यांनी मावसबहिणीच्या मुलाला, भाच्याला फोन लावला.

"मामा, मावशीचा तो फोटो आहे ना माझ्याकडे. थांबा हं." थोड्या वेळाने तो म्हणाला, "अठरा केबीचा आहे."

"तुझ्याकडेही?"

"तुम्हीच लहान करून पाठवला होतात. 'उगाच तुझं नेट कशाला जाळायचं' म्हणालात."

काकांनी पडद्यावरचा फोल्डर बंद केला.

"मामा? जेवलात का?"

"जेवलो," काका खोटं बोलले.

बुधवारी ते फ्रेमवाल्याकडे गेले. भिंतीला अकरा चौकटी टेकवलेल्या होत्या. अकरा मोठाले चेहरे. फ्रेमवाल्याने ताईचा फोटो पडद्यावर घेतला आणि कपाळाला हात लावला.

"काका, हा दोन फूट केला तर विटांची भिंत दिसेल. लोकांना तुम्ही शिकवता, आणि तुमचाच फोटो असा?"

अख्ख्या गावाला काका म्हणत आले होते, तुमचा फोटो फार मोठा आहे. उलटं ऐकायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"थांबा, माझ्याकडे नवा प्रोग्रॅम आहे. गेलेलं भरून काढतो."

दोन मिनिटांत पडद्यावर एक बाई आली. लखलखीत. भुवया रेखीव, कातडी तुकतुकीत, ओठांवर मंद हसू. चष्म्याला साखळी होती, तीही सोन्याची वाटत होती. हनुवटीवर तीळ मात्र नव्हता.

"बघा! आहे की नाही झकास?"

काका बराच वेळ बघत राहिले. मोह झाला त्यांना, खोटं कशाला सांगायचं. बारावी चौकट भरली असती आणि बाईंनाही कदाचित कळलं नसतं.

"छान आहेत," ते शेवटी म्हणाले. "पण या कोण?"

"अहो, तुमच्या ताईच!"

"नाही हो. माझी ताई माझ्याच हातून गेली ती गेली. आता तिच्या जागी दुसरी कोणी नको." त्यांनी भिंतीपाशीच्या अकरा चौकटींकडे बघितलं. "मला एवढंच सांगा. केवढा छापला तर ती तीच राहील?"

फ्रेमवाल्याने पट्टी लावून बघितली. "दोन बोटं रुंद. त्याच्यापुढे फुटायला लागेल."

"मग दोन बोटं छापा. चौकट मात्र इतरांएवढीच. बाकी सगळा पांढरा कागद."

"वेडे आहात का? कोणाला दिसणार तो?"

"लावा तर खरं."

रविवारी सभागृहात गेल्या गेल्या सुपरवायझरबाईंनी त्यांना कोपऱ्यात ओढलं. "अरे, हे काय करून ठेवलंस? पोस्टाचं तिकीट आहे का ते?"

काकांनी सगळं सांगितलं. खूण, फोल्डर, वाचलेली जागा. सांगताना त्यांना लाज वाटत होती आणि त्यांनी ती लपवली नाही. बाई पहिल्यांदाच इतका वेळ न बोलता उभ्या राहिल्या.

कार्यक्रम झाला. लोक भिंतीपाशी गेले. अकरा चेहरे त्यांनी चालता चालता बघितले, "हिला ओळखलंस का, ही ती" म्हणत. बाराव्या चौकटीशी मात्र जो तो थांबत होता. आधी कपाळाला आठ्या घालायचा, मग पुढे व्हायचा, मग चष्मा वर करून वाकायचा. आणि वाकला की बोलायचा थांबायचा. बोर्डवरच्या म्हाताऱ्या एकेक करून वाकल्या. शेवटी बाई वाकल्या.

"तीळ दिसतोय रे," त्या म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज शेजारच्यालासुद्धा जेमतेम ऐकू गेला.

हळूहळू सभागृह रिकामं झालं. शिपाई एका टोकाकडून खुर्च्या घडी करत येत होता. काका शेवटच्या रांगेत बसून होते. तिथून त्यांना चौकटीत नुसता पांढरा कागद दिसत होता.

"काका, बंद करायचंय," शिपाई म्हणाला.

"हो, एक मिनिट."

ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून जरा कुरकुरले, भिंतीपर्यंत चालत गेले. वाकले. आणि फोटो बघायचा सोडून, सवयीने त्यांनी कान पुढे केला.