हळदीचा शर्ट

पाटावर बसलेल्या देवीदासच्या गालाला त्याच्या आईने, रुक्माने हळद लावली, आणि मागून शेजारच्या ठकूबाईने भरली ओंजळ त्याच्या पाठीवर थापली. बायका हसल्या. मग एकेक करून पुढे वाकल्या.

पाठीवरची हळद जांभळी होत होती.

हळदीला सगळ्यात टाकाऊ कपडा घालायचा, म्हणून देवीदासने ड्यूटीचा शर्ट घातला होता. कारखान्यात तो तेजाबाच्या टाक्यांवर कामाला होता. ॲसिडच्या शिंतोड्यांनी शर्टाला इतकी भोकं पडली होती की खुर्सीपार वस्तीतली पोरं त्याला चाळणी म्हणत.

"हे काय होऊन राहिलं?" जानराव खाटेवरून उठला.

जानराव म्हणजे नवरीचा मामा. वस्तीच्या कोपऱ्यावर त्याचं किराण्याचं दुकान होतं. या हळदीचा पुडा त्यानेच आहेर म्हणून आणला होता, आणि सकाळपासून तो ते ज्याला त्याला सांगत होता. नवरदेवाची उष्टी हळद भिलाई-३ला भाचीकडे न्यायची म्हणून तो थांबला होता.

"पोट्ट्याच्या अंगात काही तरी हाय," तो म्हणाला. "असली हळद मी सत्यशीलाले लावू? उद्याचं लग्न थांबवा. पहिले डॉक्टरले दाखवू."

"अपशकुन झाला वं," ठकूबाई पुटपुटली आणि तिने जीभ चावली. धम्म घेतल्यापासून वस्तीत शकुन-अपशकुन बंद होते. निदान मोठ्याने बोलणं तरी बंद होतं.

रुक्माने हात पदराला पुसले. दारात मांडव उभा होता. गावाकडचे पाहुणे उतरले होते. एकुलत्या एका पोराचं लग्न पाठीवरच्या एका डागाने मोडायला निघालं होतं.

"अंगातलं असतं तर गाल नसता का झाला जांभळा?" ती म्हणाली.

सगळ्यांनी देवीदासचा गाल पाहिला. गाल पिवळा होता.

रुक्मा आत गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. तिने घरी कुटलेली हळद होती ती, वर्ध्याकडची. चिमूटभर हळद पाण्यात कालवून तिने डागाच्या शेजारीच शर्टाला लावली. चुलीवरचं दूध उतू जाऊ नये म्हणून पाहावं तसे सगळे पाहत राहिले.

ती पिवळीच राहिली.

जानरावने पुड्याकडे पाहिलं नाही. छपराकडे पाहिलं.

"मामा," देवीदास पाटावरूनच बोलला, "आमच्या लॅबमधी असाच एक पिवळा रंग हाय. कपडे रंगवाचा. तेजाब लागलं का जांभळा होते. साहेब सांगून राहिले होते, पोटात गेला का तो तुटते, अन् तुटला का अजूनच जहर होते."

"कारखान्याची हवा लागली असन पुड्याले," जानराव म्हणाला.

"हो जी. हवाच खराब हाय," रुक्मा म्हणाली. "देवीदास, गाल धुऊन घे. डब्यातली लावतो तुले. मंग उरलेली भाऊ घेऊन जातीन."

जानरावने मान हलवली. लग्न थांबवायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

हळद झाली आणि पंगत बसली. रुक्मा वरणाचं भांडं घेऊन जानरावसमोर आली. वरण पिवळंधमक होतं.

"घ्या, भाऊ."

जानरावने ताटावर हात आडवा धरला.

"नोको जी. मले उपास हाय."

"उपास?" ठकूबाईचा घास हातातच राहिला. "कोनाचा? आपन तर समदे उपास सोडले ना, बापा."

"पोटाचा हाय," जानराव म्हणाला.

"थोडं तरी घ्या. सोयऱ्यानं असं उपाशी जाऊ नये."

"पानी पेतो."

तो दोन गडवे पाणी प्यायला आणि उष्ट्या हळदीची वाटी दोन्ही हातांत धरून उन्हातच निघाला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ठकूबाईने पाहिलं. मग आपलं ताट हळूच बाजूला सरकवलं.

"खाय वं," रुक्मा म्हणाली. "वरणात माहीच हळद हाय. त्यायचा पुडा मी नवरदेवासाठी राखून ठेवला होता."

"मंग त्यायले कावून नाही सांगितलं?"

रुक्माने तिच्या ताटात आणखी एक पळी वरण वाढलं.

"त्यायनं इचारलं कुठी?"