दादाचं शेवटचं पान

ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत मी लागले, तेव्हापासून वहिनी दर भेटीत विचारायची, "अजून बनतोच आहे का तो?" तिला वाटे, खिडकी एकदा बसवली की सुताराचं काम संपलं. मी चिडायचे. जगभरातले लोक इंटरनेटवर वाट्टेल तशी पानं लिहून ठेवतात, आणि ती सगळी नीट दिसायला हवीत. नाही दिसली, तर शिव्या आम्हाला. त्यात रोज नव्या सोयी, नवे फोन, नवे चोर. एका खोलीतला नळ दुरुस्त करावा, तर तिसऱ्याच खोलीत गळती लागते.

वाट्टेल तसं लिहिणाऱ्यांत माझा दादा अव्वल. रेडिओ दुरुस्त करायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्याने जुन्या रेडिओंची पानं तयार केली होती. फोटो, शेजारी कुठली तार कुठे जोडायची ते, आणि मध्येच ‘इथे चटका बसतो, स्वानुभव’. पान लिहिताना तक्ता सुरू केल्याची खूण घातली, की तो संपल्याचीही घालावी लागते, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. "बारके, बघ गं जरा," अशी हाक यायची. मी लेक्चर झाडत चुका काढायचे, तो मुकाट्याने चहा पुढे करायचा. फार सुखाचे दिवस होते ते.

शेवटचं पान मला दाखवायचं राहूनच गेलं. तो गेल्यावर वहिनीने दुकान चालू ठेवलं. त्याच पानावर बोट ठेवून ती तारा जोडते. त्यातल्या चुका आमचा ब्राउझर एका जुन्या सवलतीमुळे, म्हणजे चुकीची लिहिलेली पानंही अंदाजाने नीट दाखवायच्या सोयीमुळे, सांभाळून घ्यायचा.

यंदा ती सवलत काढायचं ठरलं, आणि काम माझ्याच गळ्यात पडलं. तिच्यातून चोरांना फट मिळत होती, आणि दर आवृत्तीला ती तपासताना आमचा जीव जायचा. मीच तिच्या नावाने कितीदा बोटं मोडली होती. पण ती काढून दादाचं पान उघडलं, तर फोटो एकीकडे, मजकूर भलतीकडे. असं पान बघून वहिनीने एक तार जोडली असती तर रेडिओ जळाला असता.

दुकानात जाऊन मी तिला सगळं सांगितलं. पान दुरुस्त करणं सोपं होतं, पण त्याच्या लिहिण्याला हात लावायला मन धजत नव्हतं. सवलत ठेवा म्हणून कंपनीत भांडते, असंही म्हणाले. वहिनीने हातातली तार खाली ठेवली.

"आपल्यासाठी लोकांच्या घरात चोर नकोत," ती म्हणाली. "काढ ती सवलत, आणि पानही नीट कर. पण त्याचं एक अक्षर पुसू नकोस. राहिलंय तेवढंच घाल."

मागच्या खोलीत बसून मी राहिलेल्या खुणा घातल्या. फोटो आपापल्या जागी आले. सवयीने मी "झालं रे" म्हणत मागे वळले. मागे नुसते रेडिओ होते.