धरलेली जागा

"मावशी, परत उभ्या राहिलात तुम्ही!"

कंडक्टरबाईंनी तोंडातली नळी काढली, मास्क गळ्यात ओढला आणि पोहण्याच्या तलावाचा काठ धरून म्हणाल्या, "मी कुठे उभी राहिले? चांगली आडवी होते."

"आडव्या? पाय तळाला, डोकं वर आणि एक हात असा." स्कूबा शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंनी हात डोक्यावर नेऊन मूठ आवळून दाखवली. "काय धरत होता?"

बाईंनी आपला हात पाण्याखाली लपवला. काय धरत होत्या ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. बसच्या छताखालची दांडी. सगळी नोकरी चालत्या बसमध्ये पाय रोवून झालेली. खालचं जरा काही हललं की गुडघे आपोआप ताठ व्हायचे आणि हात वर जायचा. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण ही बातमी अजून पायांपर्यंत पोचली नव्हती.

इथे नेमकं उलटं हवं होतं. पाठीवर सिलिंडर, कमरेच्या पट्ट्यात ओवलेली शिशाची वजनं, आणि पाण्याच्या मधोमध टेबलासारखं सपाट राहायचं, ना वर ना खाली. ते जमेपर्यंत मास्तरीणबाई कुणालाही समुद्रात बुडालेल्या बोटीवर नेत नसत. तिथे सगळा गाळ. उभ्या माणसानं एक पाय हलवला की तो उठतो, आणि मग कुणालाच काही दिसत नाही.

आणि बाईंना ती बोट बघायचीच होती.

त्यांचा नवरा पाणबुड्या होता. बंदरात जहाजांचे तळ खरवडायचा आणि सुट्टीच्या दिवशीही हौसेनं पाण्यातच जायचा. ती जुनी प्रवासी बोट त्याची लाडकी. "वरच्या मजल्यावर कठड्याजवळचं बाकडं अजून शाबूत आहे," तो सांगायचा. "तुझी जागा धरून ठेवलीय तिथे. शिशाचं वजन ठेवून आलोय."

बाईंचा पारा चढायचा. रुमाल टाकून जागा धरणाऱ्या प्रवाशांशी त्यांचं जन्माचं वैर. "रुमालानं तिकीट काढलंय का?" असं ओरडून त्यांनी भल्याभल्यांना उठवलं होतं. नवऱ्यालाही तेच ऐकवायच्या, "शिशानं तिकीट काढलंय का?" तो हसायचा. "एकदा येऊन तर बघ." "रजा मिळू दे, येते," त्या म्हणायच्या. रजा मिळायची, पण ती कधी बहिणीच्या बाळंतपणात जायची, कधी सासूच्या दुखण्यात. आणि जन्मभर पाण्याखाली वावरलेला तो माणूस एका सकाळी कोरड्या जमिनीवर, दाढी करता करता गेला.

"दादा एक नंबरचा थापाड्या होता, वहिनी," नणंद म्हणाली. त्या संध्याकाळी ती चहा घेऊन स्वयंपाकघरात आली तेव्हा बाई सरावासाठी स्टुलावर पालथ्या पडल्या होत्या. हात पुढे, गुडघे वाकवून पायांचे तळवे छताकडे. "मला वाटलं, चक्कर येऊन पडलात! आणि एवढं करून तिथे काही नसलं तर?"

"नसलं तर नसलं."

"या वयात हात-पाय मोडून घ्याल. डॉक्टरसुद्धा यंदापुरतंच हो म्हणालेत."

"म्हणूनच यंदा जायचंय. पुढच्या आठवड्यात समुद्र खवळला की बोटी बंद." बाई जमिनीकडे बघत बोलत होत्या. "नसलं तर तो हसत असेल कुठेतरी. पण असलं तर? इतकी वर्षं धरून ठेवलीय गं त्यानं. मीच गेले नाही."

नणंदेनं कप ओट्यावर ठेवला आणि खाली वाकून त्यांचे घोटे धरले. "किती वर धरू?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी तलावावर मास्तरीणबाईंनी त्यांच्या कमरेचं थोडं शिसं काढलं आणि सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यात घातलं. "सगळं वजन खाली होतं, म्हणून पाय बुडत होते. पण बाकीचं तुमच्याच हातात आहे. सारखं अंग आवळून कशाची वाट बघता?"

बाईंनी जरा विचार केला. "ब्रेकची," त्या म्हणाल्या.

"पाणी ब्रेक मारत नाही, मावशी."

बाई खो खो हसल्या आणि हसतच खाली गेल्या. वर जाऊ पाहणारा हात दुसऱ्या हातानं पुढे ओढून घेतला, नजर समोर ठेवली, श्वास सावकाश सोडला. कुणी ढकललं नाही, कुणी आदळलं नाही. पाय हळूहळू मागून वर आले. पोटाखालून तळाच्या फरश्या एकेक करून मागे सरकत गेल्या, आणि आपण कशालाही धरलेलं नाही हे त्यांच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

आठवडा संपायच्या आत मास्तरीणबाई त्यांना त्या बुडालेल्या बोटीवर घेऊन गेल्या. हिरवट पाण्यात आधी कठडा दिसला, मग बाकडं. अर्ध्या फळ्या गेलेल्या, उरलेल्यांवर गाळाचा थर. कठड्याच्या कडेला, खिडकीशी बसावं अशा बरोब्बर जागी, एक चौकोनी ढेकूळ होतं. शिंपल्यांनी मढलेलं, पण पट्टा ओवायच्या दोन खाचा स्पष्ट दिसत होत्या.

बाईंना बसायचं होतं. एवढंच, घटकाभर बसायचं होतं. गुडघे वाकू लागले, कंबर खाली जाऊ लागली. मग त्यांनी श्वास घेतला, थोड्या वर आल्या आणि बाकड्याच्या वीतभर वर सपाट तरंगत राहिल्या. गाळाचा कण हलला नाही. वजनाला त्यांनी हात लावला नाही. मास्कमध्ये पाणी साठलं होतं, ते समुद्राचं नव्हतं. मास्तरीणबाईंनी अंगठा वर करून निघायची खूण केली तेव्हाही त्या मान वळवून बाकड्याकडेच बघत होत्या.

वर आल्यावर, किनाऱ्यावरून घेऊन आलेल्या बोटीतल्या लाकडी फळीवर त्या टॉवेल लपेटून बसल्या. कमरेचा शिशाचा पट्टा सोडून त्यांनी शेजारी ठेवला. सगळेच वर येत होते, गर्दी झाली होती. एक ओलाचिंब गृहस्थ सिलिंडर सावरत त्यांच्यापुढे उभा राहिला.

"इथे कुणी आहे का?"

बाईंनी पट्ट्यावर हात ठेवला.

"आहे," त्या म्हणाल्या.