कडू अंगारा

सटवाजी महाराजांचा अंगारा उदगीरच्या सरकारी दवाखान्यात पकडला गेला. पण हे अजून घडलेलंच नाही असं धरून चालू. कारण गोष्ट सुरू होते त्या सकाळी अर्धं गाव महाराजांपुढं हात जोडून उभं होतं.

लातूर जिल्हा नवा झाला होता. पाऊस मात्र इकडं बदली घ्यायला तयार नव्हता. दुष्काळी कामावर खडी फोडून बायांच्या कमरा गेल्या होत्या. आठव्या महिन्यातली तारामती अंगारा पाण्यातून प्याली आणि घटकाभरानं ताठ उभी राहिली.

"पळाला! दर्द पळाला!" महाराज ओरडले. "त्यो बघा, कर्नाटकात शिरला!"

"मंग आता तिकडच्या बायांनी काय करावं?" तिच्या थोरल्या जावेनं, चांगुणानं विचारलं. तीही पोटुशीच होती.

"हिच्या मनात खोट हाय. हिला अंगारा न्हाई!"

चांगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. कंबर दोघींची दुखायची, कौतुक एकीचंच. सासू कस्तुराबाई धाकटीला दूध द्यायची आणि थोरलीला म्हणायची, "तुला म्हाराज बी पावंना, मी काय करू?"

शेवटी चांगुणानं जावेच्या उशाखालची पुडी चोरली, चाटली आणि थुंकली. तिला डोहाळे राखेचेच होते. गोवरीची, बाभळीची, तुरकाठ्यांची, गल्लीतल्या प्रत्येक चुलीची राख तिनं चाखलेली.

"राख खारट असती. कडू? ह्यो म्हाराज जाळतो तरी काय?"

उरलेली पुडी घेऊन तिनं उदगीरचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी अंगारा पाण्यात कालवून फडक्यातून गाळला. फडक्यावर गोळीचा पांढरा तुकडा उरला, वर इंग्रजी छाप.

"दुखणं मारायची गोळी, राखेत कुटलीय. शेवटच्या महिन्यांत हिनं बाळाच्या हृदयाला धोका होतो, गर्भाभोवतीचं पाणी कमी होतं. कोण घेतंय?"

चांगुणाचा सगळा ताठा उतरला. "माझी जाऊ."

"आजच आण तिला. आणि तू राख चाटणं सोड."

चांगुणानं तुकडा गावासमोर धरला. महाराज डगमगले नाहीत. "चमत्कार! गोळी प्रगटली!"

दोघं-तिघं पायावर पडलेही.

"दुकानात ती रोजच प्रगटती की, म्हाराज," तारामती म्हणाली आणि पोटावर हात धरून एस.टी.कडं निघाली.

दवाखान्यात तपासल्यावर गर्भाभोवतीचं पाणी थोडं कमी भरलं. बाळाचे ठोके मात्र ठीक होते. तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. सासू रोज दूध घेऊन जाऊ लागली.

"शोध म्या लावला, आन् खाट तिला!" चांगुणा खडी फोडत म्हणाली.

गोळी दुकानात सहज मिळते किंवा पुडीत राख दिसते, म्हणून ती पोटातल्या बाळाला चालते असं नाही. टॉनिक असो, काढा असो, आधी डॉक्टरला विचारावं.

सबब नव्या जिल्ह्याच्या प्रशासनास नम्र विनंती की, गर्भवतीस परस्पर औषध देणाऱ्या इसमास शासकीय खर्चाने नऊ महिने गरोदर ठेवण्यात यावे.