एडक्याच्या गळ्यातली माशी

कडूबाईच्या एडक्याला माशी बसत नाही, हे चकलांब्याच्या माळावर सगळ्यांना ठाऊक होतं. एडक्याच्या गळ्यात एक पिवळा मणी होता आणि मण्याच्या आत माशी. सासूनं कधीतरी जत्रेत घेतलेला. आतली माशी बघून बाहेरच्या भितात, एवढंच त्यामागचं शास्त्र.

यंदा झुंजीत एडक्याचं शिंग मुळापाशी फुटलं. त्याच दिवशी कडूबाईची भाची संगीता सुट्टीला आली. ती कॉलेजात किडे-माश्यांचं शिकत होती. जखमेआधी तिला मणी दिसला. भिंग लावून ती बघतच राहिली. एडकाही मान न हलवता उभा राहिला. इतकं निरखून त्याला आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

“आत्या, ही आताची माशी न्हाई. झाडाच्या डिंकात अडकली आन् त्या डिंकाचा दगड झाला. कोट्यवधी वर्षं झाली. पंखावरच्या रेघा बघून वाटतंय, हिचं अख्खं खानदान संपलंय.”

“यकबी न्हाई राहिली?”

“जगात कुठंच न्हाई. सरांना दाखवायला मणी नेऊ?”

“आन् माजा एडका? जखमेत अळ्या पडल्या म्हंजी गेलाच की.”

बाजेवरून कडूबाईचा नवरा सिदू बोलला, “ने खुशाल. एडक्याच्या गळ्यात तुज्या आत्यालाच बांधतो. हिलाबी माशी बसत न्हाई.”

कडूबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही. दिवेलागणीला मणी तळहातावर घेऊन ती उंबऱ्यात बसली आणि दळताना गातात तशा सुरात गुणगुणली:

न्हाई माहेर सासर, न्हाई मागं भाऊबंद
डिंकाच्या थेंबामंदी माय माशी झाली बंद

हिच्यासाठी कुणी रडलंही नसणार. मग तिनंच थोडं रडून घेतलं, पदरानं मणी पुसला आणि संगीताच्या हातात दिला.

“ने. तिचं नाव लाव पुस्तकात. कुणीतरी वळखीचं पायजेच की.”

संगीतानं सीताफळाचा पाला वाटून जखमेत भरला, वर फडकं बांधलं. पण एडक्याच्या गळ्यातला रिकामा दोरा कडूबाईला बघवेना. शेवटी संगीतानं आपल्या कुर्त्याचं पिवळं बटण तोडून त्यात ओवलं. सुट्टी संपेपर्यंत ती रोज पाला बदलत राहिली. ती गेली तेव्हा जखमेवर खपली धरली होती.

“बटणात माशी न्हाई, हे बोलू नका,” कडूबाईनं सिदूला बजावलं.

“कुणाला?”

“माश्यांस्नी.”

सिदू एरवीही माश्यांशी फारसा बोलत नसे. तरी त्यानं मान डोलावली.