छत्तीस इंचांचा ओटा

ब्युरेटच्या तोंडात खोवलेलं काचेचं नरसाळं जरासं कलंडलं, आणि ते सावरायला भाविका टाचा उचलून उभी राहिली... खांदा थेट कानापाशी, आम्लाची बाटली डोळ्यांच्याही वर. हर्षदने नजर फिरवली. प्रयोगशाळेच्या, आपणच आखलेल्या ओट्याकडे असं चोरून बघायची वेळ यावी! पेणहून रोह्याच्या या कॉलेजात तो चार खेपा आला होता, उजेड कुठून येतो, नळ कुठे हवेत, सगळं वहीत उतरवलं होतं, विद्यार्थ्यांची मापंसुद्धा घेतली होती — म्हणजे मुलांची. नऊ मुलं भिंतीला टेकून उभी राहिली, कोपरापर्यंत टेप लागली, त्यावरून ओटा छत्तीस इंच उंच ठरला; मुलींची पाळी आली तशा त्या एकमेकींच्या मागे लपून हसायला लागल्या आणि यालाच घाम फुटला. परक्या पोरींना टेप कशी लावायची? कुणा बाईंना बोलवावं हे सुचलं नाही... सुचलं होतं. कंटाळा केला मी. आणि वर्गात मुली सव्वीस.

"उंच पडतोय का गं ओटा?"

"नाय सर." ती ओशाळली, जणू तिचीच उंची चुकली होती. "व्हईल सवय."

आईही हेच म्हणाली होती. पेणच्या घराचा ओटा गवंड्याने स्वतःच्या मापाने बांधला. चौदा वर्षं विमलबाई खांदा वर ओढून त्यावर भाकऱ्या थापते आहे, आणि मलम चोळून देताना हा तिला सांगतो, वय झालं आई... वय! एवढा शिकलेला मुलगा, लाज वाटायला हवी होती.

विभागप्रमुख हैबतरावांनी कागद पुढे सरकवला. ओटे विद्यार्थ्यांच्या मापाने केले आहेत, असा दाखला. "करा सही साहेब. सोमवारी उद्घाटन हाय. एकीची तक्रार नाय."

तक्रार नाही. ग्रॅनाइट बसलंय, गॅसच्या नळ्या बसल्यात. खरं बोललं तर सगळं उखडायचं, आणि पुन्हा इथे कोण बोलावणार? पेन हातात धरून तो नुसता उभा राहिला. पाठ भरून आली होती, सगळंच नको झालं होतं. काचेच्या किणकिणीखेरीज वर्गात आवाज नव्हता. बोला गं कुणीतरी — प्राचार्यांकडे जा, माझं नाव घेऊन ओरडा... आपल्याविरुद्ध कुणीतरी तक्रार करावी, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.